आमच्या सॉफ्टवेअरसाठी ब्राउझरमध्ये वेगळी प्रोफाइल का हवी: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार.

आम्हाला येणाऱ्या फोनपैकी बरेचसे हल्ली आमच्या बिलिंगच्या सॉफ्टवेअरबद्दल नसतातच. छापायचं बटण दिसेनासं झालं, पानावर जाहिराती यायला लागल्या, सारखं लॉगिन मागतंय, अशा तक्रारींच्या मुळाशी गेलं की ब्राउझर सापडतो. पूर्वी सॉफ्टवेअर सीडीवरून कॉम्प्युटरमध्ये टाकलं की ते आपल्या जागी एकटं राहायचं. आता बिलं, स्टॉक, येणी-देणी सगळं एका टॅबमध्ये असतं आणि शेजारच्या टॅबमध्ये बँक, मेल, व्हिडिओ, कुणीतरी पाठवलेली लिंक. हा शेजार सांभाळायला हवा, आणि ब्राउझर सध्या ज्या वेगाने बदलतोय ते पाहता आजच सांभाळायला हवा.

आमची विनंती एकच आहे. आमच्या सॉफ्टवेअरसाठी ब्राउझरमध्ये एक स्वतंत्र प्रोफाइल, म्हणजे ब्राउझरमधलाच एक वेगळा कप्पा, करा आणि त्यात दुसरं काहीही उघडू नका. का, ते आधी सांगतो. कसं, ते शेवटी आहे.

केशरी पट्टी

आमच्या एका ग्राहकाकडे अर्धा दिवस इंटरनेट बंद होतं. सॉफ्टवेअर ऑफलाइन चालतं, त्यामुळे काम थांबलं नाही. बिलं होत राहिली आणि वर केशरी पट्टीत आकडा वाढत राहिला: 'सिंक बाकी: ४१'. संध्याकाळी कॉम्प्युटर जड चालतोय म्हणून कुणीतरी सुचवलं, ब्राउझर साफ करून टाक. सेटिंगमध्ये जाऊन सगळ्या चौकटींवर टिक केली, 'कुकीज आणि साइटचा डेटा' या चौकटीवरही, आणि ४१ बिलं गेली. आमच्या सर्व्हरपर्यंत ती पोहोचलेलीच नव्हती, त्यामुळे आम्हालाही परत आणता आली नाहीत. छापील प्रती होत्या म्हणून रात्री बसून पुन्हा भरता आली.

यात चूक आमची होती. 'सिंक बाकी' हे शब्द वाचून कुणाला काय कळणार? पट्टीवर आता असं लिहून येतं: 'या ४१ नोंदी फक्त याच कॉम्प्युटरवर आहेत.'

यामागची रचना थोडी समजून घ्या. ब्राउझर प्रत्येक साइटसाठी कॉम्प्युटरच्या डिस्कवर जागा राखून ठेवतो. त्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. कॅशे म्हणजे पुन्हा डाउनलोड करायला लागू नयेत म्हणून ठेवलेली चित्रं आणि फायली. ती खुशाल पुसा, काही बिघडत नाही. साइटचा डेटा म्हणजे तुमचं लॉगिन आणि तुम्ही ऑफलाइन केलेलं काम. पुसायच्या खिडकीत या दोन्ही चौकटी एकाखाली एक असतात आणि दिसायला सारख्याच असतात.

आयफोन किंवा आयपॅडवर काम करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. मार्च २०२० पासून सफारी स्वतःहूनही सफाई करतं. सफारी वापरात आहे, पण एखाद्या साइटवर सात दिवस तुमचं बोटही लागलेलं नाही, तर त्या साइटने ठेवलेला असा डेटा ते काढून टाकतं. माग काढणाऱ्या जाहिरात कंपन्यांना आळा घालण्यासाठी हा नियम आला, आणि त्या कारणासाठी आम्हाला तो योग्यच वाटतो. पण सुट्टीवर जाण्याआधी न पाठवलेली बिलं आयपॅडवर राहिली तर त्यांनाही तोच नियम लागतो. होम स्क्रीनवर आयकन म्हणून जोडलेल्या वेब ॲपला मात्र ही मुदत लागू होत नाही. म्हणून आयपॅडवाल्यांनी आयकन जोडून घ्यावाच.

खाजगी खिडकीत, म्हणजे इन्कॉग्निटोमध्ये, आमचं सॉफ्टवेअर वापरू नका. खिडकी बंद झाली की आतलं सगळं जातं.

नावं अनेक, इंजिनं तीन

क्रोममध्ये अडलं म्हणून एजमध्ये करून पाहिलं, तरी तसंच होतंय, म्हणजे दोष तुमच्या सॉफ्टवेअरचाच, असं आम्हाला बऱ्याचदा ऐकवलं जातं. कधी ते खरंही असतं. पण क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी या सगळ्यांच्या पोटात ब्लिंक नावाचं एकच इंजिन (पान पडद्यावर मांडणारा मुख्य भाग) आहे. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्ये एज त्यावर आणलं. फायरफॉक्सचं इंजिन गेको आणि सफारीचं वेबकिट, ही दोन वेगळी. आयफोनवर तर युरोपीय संघाबाहेर क्रोम आणि फायरफॉक्सही आतून वेबकिटवरच चालत आलेत. तेव्हा खरंच ताडून पाहायचं असेल तर कॉम्प्युटरवर क्रोम आणि फायरफॉक्स अशी जोडी घ्या.

क्रोमची नवी आवृत्ती २०२१ पासून साधारण दर चार आठवड्यांनी येऊ लागली आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या २०२३ पासून दर आठवड्याला. त्या आपोआप उतरतात, पण लागू होतात ब्राउझर बंद करून पुन्हा उघडल्यावर. पंधरा-पंधरा दिवस ब्राउझर बंदच न करणाऱ्यांच्या कॉम्प्युटरवर दुरुस्ती येऊन नुसती पडून राहते. रोज काम संपल्यावर, केशरी पट्टी नाही हे बघून, ब्राउझर पूर्ण बंद करा. विंडोज ७ किंवा ८.१ असेल तर क्रोमची १०९ ही जानेवारी २०२३ ची आवृत्ती शेवटची ठरली. त्यानंतर सापडलेली भोकं तिथे बुजवली जात नाहीत. असा कॉम्प्युटर अजून वापरात असेल तर आम्हाला सांगा, आपण मिळून मार्ग काढू.

एक्स्टेन्शन: आत आलेला पाहुणा

एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडायचा छोटा प्रोग्राम, टाकताना बऱ्याचदा एक ओळ दिसते: सर्व वेबसाइट्सवरचा तुमचा सर्व डेटा वाचण्याची आणि बदलण्याची परवानगी. ती शब्दशः घ्यायची असते. तुम्ही बिल उघडता तेव्हा गिऱ्हाइकाचं नाव, रक्कम, बाकी, जे तुम्हाला पानावर दिसतं ते सगळं त्या एक्स्टेन्शनलाही वाचता येतं. छापायचं बटण गायब होण्याचं कारण आम्ही शोधलं तेव्हा असंच निघालं. सवलतीची कूपनं शोधून देणारं एक एक्स्टेन्शन आपली पट्टी नेमकी त्या बटणावर बसवत होतं.

आज चांगलं असलेलं एक्स्टेन्शन उद्याही चांगलंच राहील याची खात्री नसते. 'द ग्रेट सस्पेंडर' हे वापरात नसलेले टॅब झोपवून मेमरी वाचवणारं एक्स्टेन्शन लाखो लोक वापरायचे. २०२० मध्ये मूळ विकसकाने ते दुसऱ्याच्या हाती दिलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये घातक कोड आढळल्याने गूगलने ते काढून टाकलं. डिसेंबर २०२४ मध्ये सायबरहेवन या डेटा-सुरक्षा कंपनीचंच एक्स्टेन्शन बळी पडलं. तिथल्या एका कर्मचाऱ्याला फसवं ईमेल आलं, त्यातून एक्स्टेन्शन प्रकाशित करण्याचे अधिकार चोरांच्या हाती गेले आणि बिघडवलेली आवृत्ती नेहमीच्या अपडेटच्या वाटेने वापरणाऱ्यांच्या ब्राउझरमध्ये पोहोचली. त्यांनी काहीही चुकीचं दाबलं नव्हतं.

चोरांना हव्या होत्या कुकीज. तुम्ही पासवर्ड देऊन आत आलात की साइट ब्राउझरकडे एक कुकी ठेवते, जत्रेत आत सोडताना हातावर मारतात त्या शिक्क्यासारखी. पुढच्या प्रत्येक क्लिकला पासवर्ड विचारला जात नाही, शिक्का पाहिला जातो. तो शिक्का उचलला तर पासवर्ड कितीही अवघड असून उपयोग नाही.

जाहिराती अडवणारं 'यूब्लॉक ओरिजिन' क्रोममध्ये का बंद पडलं, असंही अनेकांनी विचारलं. गूगलने एक्स्टेन्शनसाठी मॅनिफेस्ट व्ही-३ ही नवी नियमावली सक्तीची केली, जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन २०२४-२५ मध्ये टप्प्याटप्प्याने बंद झाली. नव्या नियमांत एक्स्टेन्शनला बाहेरून कोड आणून चालवता येत नाही, हे सुरक्षेच्या दृष्टीने चांगलंच झालं. पण पान उघडताना जाणाऱ्या प्रत्येक विनंतीवर स्वतः निर्णय घेण्याची ताकदही काढून घेतली, आणि जाहिराती नीट अडवणाऱ्यांचा तोच कणा होता. हे नुकसान आम्हाला खरंच मोठं वाटतं, कारण फसवणुकीच्या किती तरी पानांची वाट जाहिरातीतूनच जाते. क्रोममध्ये यूब्लॉक ओरिजिनची 'लाइट' आवृत्ती चालते. फायरफॉक्समध्ये मूळ एक्स्टेन्शन अजून चालतं.

कुलूप आणि खोटं कॅप्चा

पत्त्याच्या डावीकडचं कुलपाचं चित्र क्रोमने सप्टेंबर २०२३ मध्ये काढलं. कुलूप दिसलं की साइट खरी, असा लोकांचा समज झाला होता, आणि तो चुकीचा होता. वाटेत कुणी वाचू शकत नाही एवढंच कुलूप सांगायचं. पलीकडे कोण बसलंय ते सांगत नव्हतं. फसव्या साइटलाही प्रमाणपत्र फुकट मिळतं. तेव्हा नजर पत्त्यावर ठेवा.

गेल्या दोन वर्षांत एक नवी युक्ती पसरली आहे. पान उघडतं, 'मी रोबोट नाही' अशी ओळखीची चौकट येते. टिक केलं की सूचना येते: विंडोजची की आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. टिक करताच त्या पानाने तुमच्या नकळत एक आज्ञा कॉपी करून ठेवलेली असते, आणि ती तुम्ही स्वतःच्या हाताने कॉम्प्युटरला देता. कुठलंही खरं कॅप्चा ब्राउझरच्या बाहेर काही दाबायला सांगत नाही. कधीच नाही. हे काउंटरवर बसणाऱ्या प्रत्येकाला वाचून दाखवा.

पासवर्डऐवजी आम्ही पासकीची सोय दिली आहे. बोटाचा ठसा किंवा स्क्रीनचा पिन देऊन आत यायचं. पासकी ज्या साइटसाठी केली त्याच पत्त्यावर चालते, त्यामुळे हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या पानाच्या हाती ती लागत नाही. शिक्का चोरीला गेला तर मात्र पासकीही वाचवू शकत नाही.

तुमच्या नावाने काम करणारा मदतनीस

सगळ्यात नवं आणि आम्हाला सगळ्यात जास्त काळजी वाटणारं हे आहे: ब्राउझरमध्येच बसलेला एआय मदतनीस. जुलै २०२५ मध्ये पर्प्लेक्सिटीचा कॉमेट ब्राउझर आला, ऑक्टोबरमध्ये ओपनएआयचा ॲटलस, आधी मॅकसाठी. एजमध्ये कोपायलट आणि क्रोममध्ये जेमिनी येऊन बसले. यातले काही पानाचा सारांश देऊन थांबत नाहीत. सांगितलं तर स्वतः क्लिक करतात, फॉर्म भरतात, एका साइटवरून दुसरीवर जातात. रोजच्या कंटाळवाण्या कामांसाठी ही सोय मोठी आहे, आम्हीही वापरून पाहतो.

पण हा मदतनीस तुमचेच शिक्के वापरतो. आणि पानावरचा मजकूर आणि मालकाचा हुकूम यातला फरक त्याला पक्का कळत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये ब्रेव्हच्या संशोधकांनी कॉमेटवर हे करून दाखवलं. एका पानावरच्या प्रतिसादात लपवलेल्या सूचना होत्या. वापरणाऱ्याने फक्त 'सारांश दे' म्हटलं. मदतनीसाने त्या सूचना वाचल्या, वापरणाऱ्याच्या खात्यात जाऊन ईमेल पत्ता घेतला, मेलमध्ये जाऊन ओटीपी वाचला आणि दोन्ही त्याच पानावर उत्तर म्हणून लिहून टाकले. ॲटलस आला तेव्हा ओपनएआयच्या सुरक्षाप्रमुखांनीही हा प्रश्न अजून सुटलेला नसल्याचं जाहीरपणे मान्य केलं.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये बिल रद्द करणं ही एका बटणाची गोष्ट आहे. म्हणून जिथे ते उघडं आहे तिथे असा मदतनीस चालू ठेवू नका.

प्रोफाइल कशी करायची

क्रोम आणि एजमध्ये टूलबारवर गोल चित्र असतं. ते दाबून नवी प्रोफाइल जोडा, खात्याने साइन-इन न करताही ती होते. तिला 'बिलिंग' नाव द्या आणि डोळ्यात भरेल असा रंग द्या, म्हणजे खिडक्यांची गल्लत होणार नाही. मॅकवरच्या सफारीत २०२३ च्या १७ व्या आवृत्तीपासून प्रोफाइलची सोय आहे, फायरफॉक्समध्येही आहे.

या प्रोफाइलला स्वतःच्या कुकीज, स्वतःचा साइट डेटा आणि स्वतःची एक्स्टेन्शन असतात. दुसऱ्या प्रोफाइलमध्ये कुणी सगळं साफ केलं तरी इथली बिलं जागेवर राहतात. तिथलं एक्स्टेन्शन इथलं पान वाचू शकत नाही, तिथल्या मदतनीसाला इथले शिक्के मिळत नाहीत. कॉम्प्युटरमध्येच व्हायरस शिरला तर मात्र ही भिंत पुरी पडत नाही. म्हणून वरच्या खोट्या कॅप्चाबद्दल एवढं लिहिलं.

नव्या प्रोफाइलमध्ये लॉगिन करा, मेनूतून 'इन्स्टॉल' निवडा, म्हणजे सॉफ्टवेअर स्वतःच्या खिडकीत, स्वतःच्या आयकनने उघडेल. एक्स्टेन्शन एकही टाकू नका. जुन्या प्रोफाइलमधून लॉगआउट करायला विसरू नका, पण त्याआधी तिथे केशरी पट्टी नाही ना, ते पाहा.

जमलं नाही तर फोन करा, आम्ही स्क्रीन पाहून करून देऊ. फोन करताना मेनूतल्या 'मदत'खाली 'अबाउट'मध्ये दिसणारा आवृत्तीचा आकडा वाचून सांगा आणि कुठली प्रोफाइल उघडी आहे ते सांगा. वर केशरी पट्टी असेल तर सगळ्यात आधी तेवढंच सांगा, आणि आम्ही म्हणेपर्यंत काही बंद करू नका.