पाठीच्या पाण्यातल्या पांढऱ्या पेशी आणि सशांवरचे प्रयोग

बेळगावात लॅबमध्ये काम करून बरीच वर्षं झाली, पण पाठीतल्या पाण्याची, म्हणजे मेंदू आणि मणक्याभोवती असतं त्या पाण्याची, बाटली हातात आली की अजून मी दोनदा नाव तपासते. निरोगी माणसाचं ते पाणी नळाच्या पाण्यासारखं स्वच्छ असतं, जिवाणूंचा मेंदूज्वर असला की उजेडात धरल्यावर तांदळाच्या धुवणासारखं गढूळ दिसतं. ते गढूळपण बरंचसं पांढऱ्या पेशींचं. खानापूर, चंदगडकडचे नातेवाईक विचारतात, "ताई, पेशी वाढल्यात म्हणजे अंग लढायलंय न्हवं, मग पोरगं डोळे का उघडेना?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. १८८२ ला मेचनिकॉफ ह्या शास्त्रज्ञानं इटलीत मेसिनाला तारामाशाच्या अळीत काटे टोचून बघितले, पेशी काट्याभोवती गोळा झाल्या, तेव्हापासून पेशी जंतू खातात असं आपण मानत आलो, आणि ते खरंच आहे. पण सगळीकडे नाही.

१९७० च्या दशकात अमेरिकेत मर्ल सँडे यांच्या टीमनं सशाच्या मानेमागून सुई घालून मेंदूभोवतीच्या पाण्यात जंतू सोडायची पद्धत बसवली. (जनावरांवरनं माणसाचं औषध, हे आपल्या गावाला नवीन नाही, टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोत वासरांवर देवीची लस व्हायची.) १९८३ ला त्यांनी औषध देऊन सशांच्या पांढऱ्या पेशी आधीच पार कमी केल्या आणि मग न्यूमोकॉकस हा मेंदूज्वराचा जंतू सोडला. वाटेल की जंतू आता मोकाट सुटणार, पण पाण्यात ते जवळजवळ तेवढेच वाढले, म्हणजे पेशी असून नसून सारखंच! कारण ह्या जंतूला गुळगुळीत कवच असतं, त्यावर अँटिबॉडी आणि कॉम्प्लिमेंट (जंतूंवर चिकटणारी शरीराची संरक्षक प्रथिनं) चिकटल्याशिवाय पेशीला तो धरताच येत नाही, आणि ह्या दोन्ही गोष्टी रक्तात भरपूर असल्या तरी पाठीच्या पाण्यात फार थोड्या असतात.

वर त्याच पेशी नुकसानही करतात. १९८९ ला इलेन टुओमानेन आणि सहकाऱ्यांनी सशांच्या पेशी रक्तवाहिनीला चिकटूच नयेत अशी अँटिबॉडी दिली, तर मेंदूची सूज कमी झाली आणि ससे कमी मेले.

अँटिबायोटिकनं जंतू फुटतात तेव्हा त्यांचे तुकडे पाण्यात पसरतात आणि आणखी पेशी धावून येतात, म्हणून सूज आवरणारं स्टेरॉइड अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसच्या आधी किंवा सोबतच लागतं. २००२ ला युरोपातल्या मेंदूज्वराच्या ३०१ मोठ्या माणसांवर तसं करून बघितलं, मृत्यू १५ टक्क्यांवरून ७ वर आले. पोराच्या सलाइनमध्ये अँटिबायोटिकसोबत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड का घालतात, असं कुणी विचारलं की मी ही सशांची गोष्ट सांगते.