शार्प्स रायफल

अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवर, मुख्यतः १८७१ ते १८८३ च्या दरम्यान, बायसनच्या (अमेरिकी रानगव्याच्या) व्यापारी शिकारीसाठी वापरली गेलेली एकबारी रायफल. एकोणिसाव्या शतकातील शिकारी शस्त्रांच्या संग्राहकांत तिला फार मागणी आहे. त्यामुळे तिच्या बनावट व दुरुस्त नगांचा प्रश्नही तितकाच मोठा आहे.

क्रिस्टियन शार्प्स (मृ. १८७४) हा हार्पर्स फेरी येथील सरकारी शस्त्रशाळेत काम केलेला कारागीर. त्याने १२ सप्टेंबर १८४८ रोजी या यंत्रणेचे पेटंट मिळवले. चापाभोवतीची कडी हीच तरफ असते. ती खाली ओढली की नळीच्या मागचे तोंड बंद करणारा पोलादी ठोकळा सरळ खाली घसरतो आणि काडतूस मागून सारता येते. ठासणीच्या बंदुकीपेक्षा बार भरणे यात पुष्कळ जलद होते. सुरुवातीची काडतुसे कागदाची वा लिननच्या कापडाची असत. ठोकळा वर येताना त्याची धार काडतुसाचा मागचा भाग कापी व दारू उघडी पडे. ठिणगी बाहेरच्या केपाने (आघाताने पेटणाऱ्या लहान टोपीने) मिळे. यादवी युद्धात (१८६१–६५) हे शस्त्र घोडदळाने मोठ्या प्रमाणावर वापरले. युद्धानंतर सुमारे ३१ हजार कार्बाइनी (आखूड नळीच्या रायफली) धातूच्या काडतुसासाठी बदलून घेण्यात आल्या. अचूक नेमबाजाला इंग्रजीत ‘शार्पशूटर’ म्हणतात ते या रायफलीवरून, ही समजूत लोकप्रिय असली तरी टिकत नाही. तो शब्द पेटंटच्या आधी काही दशके इंग्रजीत रूढ होता आणि बहुधा जर्मनमधून आला असावा.

संग्राहकांच्या वादाचा मुख्य विषय ‘१८७४चा नमुना’ हा आहे. नावावरून ती १८७४ साली निघाली असे वाटते. पण या घडणीच्या शिकारी रायफली १८७१ च्या सुमारास कारखान्यातून बाहेर पडू लागल्या होत्या, असे सामान्यतः मानतात. तिच्या आधीचा, मोजक्याच संख्येने निघालेला १८६९चा नमुना काही अभ्यासक स्वतंत्र धरतात, तर काही त्याला केवळ संक्रमणाची पायरी समजतात. यंत्रणेतील साम्य पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. खुद्द शार्प्सचा या रायफलीशी प्रत्यक्ष संबंध नव्हता. तो १८५० च्या दशकातच या रायफली बनवणाऱ्या, त्याच्याच नावाच्या कंपनीपासून दूर झाला होता आणि पुढे त्याने फिलाडेल्फियात स्वतःचा धंदा चालवला.

कालनिर्णयासाठी नळीवरील कोरीव पत्ता सर्वांत उपयोगी पडतो. कंपनी १८७६ साली हार्टफर्डहून ब्रिजपोर्टला (दोन्ही कनेटिकट राज्य) गेली. तेव्हापासून नळीवर ‘ओल्ड रिलायबल’ हा शिक्का दिसू लागतो. म्हणून हार्टफर्डचा पत्ता असलेला नग साधारणपणे आधीचा. अनुक्रमांकापुढील ‘सी’ हे अक्षर एक लाखाचे निदर्शक आहे. हे ठाऊक नसलेला नवखा संग्राहक रायफल आहे त्यापेक्षा कितीतरी जुनी समजून बसतो.

काडतुसांची नावे नळीचा व्यास (इंचाच्या शतांशात) आणि काळ्या दारूचे वजन (ग्रेन या लहान एककात) यांवरून पडली. शिकाऱ्यांचे ‘बिग फिफ्टी’ म्हणजे १८७२ च्या सुमारास आलेले ५०–९०. त्याहून मोठे ५०–१४० हे काडतूस, सर्वसाधारण मतानुसार, कंपनी बंद पडल्यानंतरचे (१८८०–८१ नंतर) आहे. तेव्हा त्या मापाची शार्प्स दिसली की तिची नळी मागाहून पोखरली असावी, असेच धरावे.

टेक्सासातील अ‍ॅडोबी वॉल्स येथे जून १८७४ मध्ये बिली डिक्सन या बायसन-शिकाऱ्याने १,५३८ यार्डांवरील (सुमारे १,४०० मी.) घोडेस्वाराला पाडल्याची कथा बाजारात रायफलीची किंमत वाढवते. हे अंतर नंतरच्या मोजणीचे आहे. डिक्सनने स्वतःही तो नशिबाचा बार असल्याचे म्हटले होते. त्याच्या हातात कोणत्या मापाची रायफल होती यावर मतभेद आहेत. ४५–११० चा पक्ष मात्र कमकुवत आहे, कारण ते काडतूस १८७६ च्या आधीचे दिसत नाही.

सरहद्दीवरच फेरफार झालेल्या रायफलींचे मोल कमी होत नाही, उलट वाढते. वायोमिंगमधील शायेन येथील फ्रॉइंड बंधू या बंदूक-कारागिरांनी सुधारलेल्या ठोकळ्याच्या शार्प्स विशेष दुर्मीळ आहेत. याउलट सेंट लुइसच्या मीचम या व्यापाऱ्याने युद्धकाळातील सुट्या भागांवरून तयार करून विकलेल्या रायफली कारखान्याच्या मानल्या जात नाहीत, तरी त्यांचाही स्वतंत्र संग्राहकवर्ग आहे. नव्याने पॉलिश केलेला दस्ता किंवा पुन्हा निळी केलेली नळी संग्राहक दोषच समजतात.

समकालीन एकबारी शिकारी रायफलींत रेमिंग्टनची रोलिंग ब्लॉक आणि जॉन ब्राउनिंगच्या १८७९ च्या पेटंटवर आधारलेली विंचेस्टर १८८५ या प्रमुख होत. विंचेस्टरच्या कारखान्याच्या नोंदी वायोमिंगमधील कोडी येथील शस्त्रसंग्रहालयात असून तेथून अनुक्रमांकानुसार दाखला मिळतो.

अमेरिकेच्या १९६८ च्या संघीय कायद्यान्वये १८९८ वा त्यापूर्वी बनलेले शस्त्र ‘अँटीक’ ठरते, त्यामुळे शार्प्सच्या सर्व मूळ रायफली त्यात बसतात. राज्यांचे नियम वेगवेगळे आहेत. आज मोंटानातील बिग टिंबर येथे व इटलीत तिच्या प्रतिकृती बनतात.