अथणीचा पाईल खानापुरात कशाला?

बेळगाव जिल्ह्यात प्लिंथ बीम, म्हणजे भिंतींखालची आडवी काँक्रीटची तुळई, जमिनीला न टेकलेला दिसला की लोक 'काळ्या मातीचं काम' म्हणून मोकळे होतात. मग तेच ड्रॉइंग खानापूरच्या रानाकडेला, ओढ्याकाठच्या प्लॉटवर उतरवतात. खांब आहेत, खाली पोकळी आहे, म्हणजे काम एकच, असं काँट्रॅक्टरही छातीठोक सांगतात.

अथणी-चिकोडीकडच्या माणसाला काळी माती शिकवायला नको. फुगते, आकसते, भेगा पडतात. म्हणून साडेतीन मीटर किंवा त्याहून खोल अंडर-रीम्ड पाईल, म्हणजे जमिनीत ओतलेला, बुडाशी फुगवलेला काँक्रीटचा खांब; त्या फुगवट्याचा, बल्बचा, व्यास दांड्याच्या साधारण अडीचपट. वर उचलणाऱ्या मातीत तो बल्ब घराला धरून ठेवतो. खानापूर तालुक्यात कणकुंबी-जांबोटीकडे मात्र जांभा. त्याचा वरचा थर टणक आणि खाली बऱ्याचदा मऊ चिकणमाती. तिथे खोल जायचा हट्ट म्हणजे चांगला थर फोडून वाईटात उतरणं. आधी चाचणीचा खड्डा घ्या. थर पुरेसा जाड निघाला तर बैठ्या घराला उथळ, हाताने खोदलेलं फुटिंग, म्हणजे खांबाखालचा रुंद पाया, पुरतं. सिमेंट-सळईचा फरक किरकोळ, तो इंजिनिअर बघेल.

खरा घोळ पोकळीचा. काळ्या मातीत बीमखाली किमान ८० मिलिमीटर फट ठेवायची, असं भारतीय मानक सांगतं. ही जागा फुगणाऱ्या मातीसाठी राखलेली. गवंडी बीम थेट मातीवर ओततो किंवा फटीत मुरूम ठासतो, आणि पहिल्याच पावसाळ्यात माती बीमला खालून रेटते. बैठं घर हलकं, त्यामुळे आधी तेच तडकतं. ही फट कडेने झाकली तरी चालते, फक्त झाकण भार घेणारं नको.

खानापूरकडची पोकळी पाण्यासाठी. उतारावरून येणारं पावसाचं पाणी, पालापाचोळा घराखालून सरळ ओढ्याकडे जायला हवा. ८० मिलिमीटरची फट तिथे पहिल्याच पावसात गाळाने बुजेल. माणूस वाकून आत जाईल इतकी उंची मी मागतोच. आणि ती झाकायची नाही! 'जागा वाया जाते' म्हणून चारी बाजूंनी विटा लावून स्कूटर ठेवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. अडलेलं पाणी खांबाच्या बुडाशी माती उकरतं.

उतारावर आणखी एक भानगड आहे. एका बाजूचे खांब आखूड, दुसरीकडचे लांब होतात. भूकंपात जोर आखूड खांबांवरच जास्त येतो, म्हणून त्यांच्या रिंगा, म्हणजे उभ्या सळयांना गुंडाळणारी आडवी कडी, जवळजवळ बांधायच्या. हे टाळायला जेसीबी बोलावून उतार सपाट करतात, ते तर सगळ्यात वाईट. सुटलेली माती पावसात ओढ्यात, तिथून मलप्रभा नदीत.

बेळगावच्या आसपास एका पट्ट्यात दोन्ही माती सापडतात. तिथे शेजाऱ्याचं ड्रॉइंग मागू नका, आपल्या प्लॉटवर खड्डा घ्या.