जाम बोल्ट ताकदीला का जुमानत नाही?

ब्रेक पॅड बदलणं हे एका चाकामागे फार तर अर्ध्या तासाचं काम. चाक काढायचं, कॅलिपर (म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारा चिमटा) सोडवायचा, जुने पॅड ओढून नवे बसवायचे. पण हे काम घरी करायला बसलेल्या माणसाची सुट्टी पॅड खात नाहीत, ती खातात कॅलिपर धरून ठेवणाऱ्या चौकटीचे, म्हणजे ब्रॅकेटचे, मागचे दोन बोल्ट. पान्याला लोंबकळून झालं, पाय देऊन झाला, शिव्याही घालून झाल्या, तरी पठ्ठ्या ढिम्म. कधी तरी कुणी तरी तो हातानेच आवळला होता ना? मग सुटताना एवढा माज कसला?

प्रश्न रास्त आहे. हिशेबाने पाहिलं तर बोल्ट आवळायला लागतो त्यापेक्षा कमी जोर तो सोडवायला लागला पाहिजे. आवळलेला बोल्ट म्हणजे ताणलेली स्प्रिंग. 12 मिलिमीटर जाडीचा ब्रॅकेटचा बोल्ट साधारण 100 न्यूटन-मीटर टॉर्कने, म्हणजे पिळाच्या जोराने, आवळला, की तो केसाच्या जाडीइतका लांबतो आणि मूळ लांबीवर येण्याच्या धडपडीत दोन्ही भाग सुमारे 4 टनांच्या वजनाइतक्या जोराने एकमेकांवर दाबून धरतो. गंमत अशी, की आपण लावलेल्या त्या 100 पैकी जेमतेम 10 न्यूटन-मीटर या ताणण्याच्या कामी येतात. साधारण 50 बोल्टच्या डोक्याखालचं घर्षण खातं आणि 40 आट्यांमधलं. सोडताना घर्षण तेवढंच आडवं येतं, पण ताणलेली स्प्रिंग आता आपल्या बाजूने असते. म्हणजे 50 अधिक 40, वजा 10. स्वच्छ बोल्ट 80च्या आसपास सुटायला हवा.

ब्रेकजवळचा बोल्ट मात्र स्वच्छ राहत नाही. पाणी, चिखल, धूळ आणि प्रत्येक वेळी ब्रेक दाबला की तापणं आणि मग निवणं, हे सगळं वर्षानुवर्षं त्याच्या वाट्याला येतं. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ धातूपेक्षा जास्त जागा मागतो. साध्या ऑक्साइडला दुपटीच्या वर जागा लागते, आणि पाणी धरून ठेवणाऱ्या भुसभुशीत गंजाला त्याहून कितीतरी अधिक. आट्यांमधली फट मात्र आहे तेवढीच राहते. त्या फटीत फुगणारा गंज पाचरीसारखा ठासला जातो. कॅलिपर ॲल्युमिनियमचा असेल तर आणखी एक भानगड: ॲल्युमिनियम आणि पोलाद, मध्ये खारट ओलावा, की लहानशी बॅटरीच तयार होते. तीत झिजतं ते ॲल्युमिनियम. बोल्टभोवती पांढरी पूड दिसली, तर समजावं की आत हेच चाललं आहे.

आता जोर वाढवला तर काय होतं ते पाहा. चांगल्या बोल्टमध्ये डोक्याखालचं घर्षण डोक्यापाशीच संपतं, त्याचा पीळ बोल्टच्या दांड्यापर्यंत पोचत नाही. दांड्याला पिळतं ते फक्त आट्यांचं घर्षण. आटे गंजाने धरले, की आपण लावलेल्या टॉर्कचा मोठा वाटा दांड्यातून जायला लागतो. 25 सेंटिमीटरच्या पान्यावर 40 किलो भार टाकला तर सुमारे 100 न्यूटन-मीटर मिळतात. पान्याच्या दांडीत पाइप अडकवून तीच लांबी 60 सेंटिमीटर केली की 240. तरफेचा नियम सगळ्यांनाच आवडतो, पण तो गंज आणि बोल्ट यांत भेद करत नाही. दोघांपैकी जो कमकुवत तो आधी तुटतो, आणि बारीक बोल्टच्या बाबतीत तो बहुधा बोल्टच असतो.

मोठा बोल्ट सुटताना ‘कट्’ असा आवाज येतो, कधी लांब ‘कर्रर्र’. कानाला तो भयंकर वाटतो, पण तो शुभ. भीती बाळगायची ती आवाज नसताना. पाना हलतोय, पण रबर पिळल्यासारखा मऊ लागतोय, आणि हात सोडला की थोडा मागे येतोय, तर तिथेच थांबावं. आटे जागचे हललेले नाहीत, मधला दांडाच पिळला जातोय. मी एकदा या मऊपणाला ‘सुटतोय, सुटतोय’ म्हणून दाद दिली होती. दोन सेकंदांनी बोल्टचं डोकं पान्याच्या वाटीत, म्हणजे सॉकेटमध्ये, आणि उरलेला बोल्ट भोकात.

म्हणून जोर लावण्याआधी गंजाची पकड ढिली करायची. तारेच्या ब्रशने उघडे आटे घासायचे आणि गंजात मुरणारं पातळ तेल मारायचं. ते आत शिरतं केशाकर्षणाने, ज्याने दिव्याच्या वातीत तेल चढतं. फट जितकी अरुंद तितकी ओढ जास्त, पण तितकाच प्रवाह मंदही. म्हणून मारलं आणि लगेच पाना लावला याला अर्थ नाही. रात्रभर मुरू द्यावं, मध्ये एकदोनदा परत मारावं, आणि शक्य तर बोल्टचं टोक जिथून पलीकडे बाहेर येतं तिथूनही. घरोघरी असतो तो डब्ल्यूडी-40चा निळा-पिवळा डबा मुळात या कामासाठी जन्मलाच नाही. 1953 साली अमेरिकेत सॅन दिएगोमध्ये तो बनला तो धातूवरचं पाणी हटवण्यासाठी आणि गंज रोखण्यासाठी. नावातला 40 म्हणजे चाळिसावा प्रयोग. अडीनडीला चालतो, पण खास मुरणाऱ्या तेलाची सर त्याला नाही. आणि तेल कोणतंही असो, ते डिस्कवर किंवा पॅडवर उडता कामा नये. ब्रेकच्या रबरी सीलांनाही खनिज तेल चालत नाही, ती फुगतात.

तेलाला हातोड्याची जोड द्यावी. गंज दाब चांगला सोसतो, पण तो ठिसूळ असतो. धक्का त्याला सोसत नाही. बोल्टच्या डोक्यावर सरळ, नेमके चार-सहा ठोके दिले की आत बारीक तडे जातात आणि तेलाला वाट मिळते. इम्पॅक्ट रेंचही मुळात हेच करतो. सतत पिळण्याऐवजी तो छोटे छोटे ठोके देतो.

यानंतर बोल्ट सोडण्याऐवजी आधी किंचित आवळून पाहावा. ऐकायला उफराटं वाटतं, पण आपल्याला हवी असते फक्त पहिली हालचाल, मग ती कुठल्याही दिशेने का होईना. एकदा हलला की पाव फेरा सोडायचा, थोडा मागे आवळायचा, तेल मारायचं, परत सोडायचा. एका दमात काढायला गेलं तर मोकळा झालेला गंजाचा भुगा पुढच्या आट्यांत ठासतो आणि बोल्ट अर्ध्यावर पुन्हा अडतो.

दिशेचंही एक सांगून टाकतो, हसू नका. ब्रॅकेटच्या बोल्टांची डोकी चाकाच्या आतल्या बाजूला असतात. आपण बाहेरून, डिस्कवरून वाकून हात घालतो आणि तिथून पाहिलं की उजवं-डावं उलटं होतं. मी दहा मिनिटं एक बोल्ट प्राणपणाने आवळत होतो.

उष्णता हे शेवटचं हत्यार. 200 अंशांनी तापवलं तर ॲल्युमिनियममधलं 12 मिलिमीटरचं भोक सुमारे 0.055 मिलिमीटर मोठं होतं आणि पोलादी बोल्ट 0.029. फरक मिलिमीटरच्या अडीच शतांशांचा, पण गंजाची पकड मोडायला तो बऱ्याचदा पुरतो. आट्यांना लावलेला पक्का चिकटद्रवही उष्णतेनेच मऊ पडतो. पण ब्रेकपाशी ज्योत नेताना दहादा विचार करावा. शेजारी रबरी नळी असते, सेन्सरची वायर असते, आणि कॅलिपरमधलं डॉट-3 ब्रेक ऑइल नवं कोरं असलं तरी 205 अंशांच्या आसपास उकळू शकतं. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर मारलेल्या जागी तर ज्योत नकोच. त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो.

हत्याराबद्दल एकच हट्ट धरावा: सॉकेट सहा कोनांचं. बारा कोनांचं सॉकेट बोल्टला कोपऱ्याजवळ पकडतं, आणि एकदा कोपरे झिजून डोकं गोल झालं की मग तेल, ठोके सगळं बाजूलाच राहतं. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करावेत. आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली पाइप लावून हिसके देऊ नयेत, खाली स्टँड हवेतच.

ब्रेक ऑइलमधली हवा काढायचा ब्लीडरचा छोटा स्क्रू मात्र वेगळ्या जातीचा. तो आतून पोकळ असतो, त्यामुळे दिसतो त्याहून बराच नाजूक. त्याला लांब दांडा लावूच नये. तेल, हलके ठोके, मनगटाचा जोर, आणि तरी नाही आला तर दुसऱ्या दिवशी बघावं.

बोल्ट निघाला की साफ केलेल्या आट्यांना ‘पुढच्या वेळी त्रास नको’ म्हणून ग्रीस फासायचा मोह होतो. इथे मघाचा हिशेब आठवावा. 100 पैकी 90 घर्षण खाणार, हे धरूनच तो आकडा मॅन्युअलमध्ये छापलेला असतो. ग्रीसने घर्षण निम्मं झालं, तर टॉर्क मोजणारा पाना (टॉर्क रेंच) 100 दाखवत असतानाच बोल्ट ठरल्यापेक्षा सुमारे 1.8 पट ताणला जाईल. आट्यांना काय लावायचं, किंवा बोल्ट नवाच घ्यायचा का, हे मॅन्युअलमध्ये पाहावं. ग्रीस लावायचंच तर कॅलिपरच्या सरकत्या पिनांना लावावं, तेही रबराला चालणारं सिलिकॉनचं.