ईश्वराशी वैयक्तिक नाते (ख्रिस्ती धर्म)

देव आहे असे मानणे आणि त्या देवाला आपला म्हणून हाक मारणे, या दोन गोष्टी ख्रिस्ती परंपरा वेगळ्या धरते. बाप्तिस्मा झाला, धर्मसिद्धांत मान्य केले, रविवारची उपासना चुकवली नाही, की माणूस मंडळीचा, म्हणजे चर्चचा, सभासद होतो. पण ज्याची उपासना करायची त्याच्याशी ओळख, जिव्हाळा आणि रोजचे बोलणे एवढ्याने आपोआप जमतेच असे नाही. ते जमावे म्हणून केलेली धडपड हा या नोंदीचा विषय. वैयक्तिक हृदयपरिवर्तनावर भर देणाऱ्या प्रॉटेस्टंट इव्हँजेलिकल मंडळ्यांत हे नाते म्हणजे विश्वासाचा गाभाच. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स परंपरांत ते साक्रामेंते (बाप्तिस्म्यासारखे पवित्र संस्कार), मठजीवन आणि प्रार्थनापद्धती यांच्या आत वाढते. तरी एक गोष्ट सर्वांना मान्य आहे: पुढाकार देवाचा. साधकाने पायऱ्या चढत देव गाठायचा नसतो. लूकच्या शुभवर्तमानातल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यात मुलगा अजून दूर असतानाच बाप त्याला पाहून धावत सुटतो, आणि मुलाने घोकून आणलेली क्षमायाचनाही त्याला पुरती करू देत नाही.

बायबलमध्ये या जवळिकीच्या खुणा सगळीकडे आहेत. स्तोत्रकर्ते देवाला मेंढपाळ म्हणतात, त्याच्यावर रागावतात, किती काळ तोंड लपवणार असे विचारतात. गेथशेमाने बागेत येशू देवाला ‘अब्बा’ (बाबा) म्हणतो, तर पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्रात हीच हाक सर्व विश्वासणाऱ्यांच्या तोंडी घालतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात येशू शिष्यांना यापुढे दास न म्हणता मित्र म्हणतो. डोंगरावरील प्रवचनात प्रार्थनेसाठी खोलीत जाऊन दार लावून घ्यायला सांगितले आहे. मात्र लगेच शिकवलेली प्रार्थना ‘हे आमच्या पित्या’ अशी, म्हणजे अनेकवचनी आहे. दार लावलेली खोली आणि ‘आमच्या’ हे अनेकवचन यांतली ओढाताण पुढे दोन हजार वर्षे चालू राहिली.

या शोधाचे पहिले मोठे आत्मकथन उत्तर आफ्रिकेतील ऑगस्टीनचे (३५४–४३०). चौथ्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या त्याच्या ‘कबुलीजबाबा’त सगळे बोलणे थेट देवाला उद्देशून आहे, वाचक जणू दाराआडून ऐकतो. तू आम्हांला स्वतःसाठी घडवलेस आणि तुझ्यात विसावेपर्यंत आमचे हृदय अस्वस्थच राहते, हा त्याच्या पहिल्याच परिच्छेदातला विचार पुढे सर्व पंथांनी उचलला. पूर्वेकडे ग्रीसमधल्या ॲथॉस पर्वतावरील ऑर्थोडॉक्स मठवासीयांनी ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर’ या एका वाक्याच्या अखंड जपाचा मार्ग धरला. या जपातून खुद्द देवाचा अनुभव येतो की केवळ मनाचे खेळ, यावर चौदाव्या शतकात कडाक्याचा वाद झाला. देवाचे मूळ तत्त्व अगम्य असले तरी त्याच्या शक्तींतून तो खरोखर भेटतो, ही ॲथॉसच्याच ग्रेगरी पालामास या मठवासीची मांडणी कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मसभांनी मान्य केली.

सोळाव्या शतकात स्पेनमध्ये या साधनेला शिस्त आली. लोयोलाच्या इग्नेशियसने आखलेल्या सुमारे तीस दिवसांच्या ‘आध्यात्मिक साधने’त शुभवर्तमानातला प्रसंग डोळ्यांपुढे उभा करायचा, त्यात स्वतः शिरायचे आणि शेवटी मित्र मित्राशी बोलतो तसे ख्रिस्ताशी बोलायचे असते. आविलाची जोगीण तेरेसा हिनेही प्रार्थनेची व्याख्या मैत्रीच्याच भाषेत केली: जो आपल्यावर प्रेम करतो हे ठाऊक आहे, त्याच्याशी वारंवार एकांतात बोलणे. पुढच्या शतकातला पॅरिसचा ब्रदर लॉरेन्स हा कार्मेलाइट या संन्यासी संघाच्या मठातला आचारी. प्रार्थनेची वेळ आणि भांड्याकुंड्यांची वेळ यांत त्याला फरक वाटेनासा झाला होता. त्याच्याकडे पद्धत म्हणावी असे फारसे नव्हतेच, आणि बहुधा त्यामुळेच तो प्रॉटेस्टंट घरांतही वाचला गेला.

प्रॉटेस्टंट जगात हा प्रवाह जर्मन पायटिझम या अंतःकरणाच्या भक्तीवर भर देणाऱ्या चळवळीतून जोमाने वाहू लागला. फिलिप याकोप श्पेनरने १६७५ साली कोरड्या पोथीनिष्ठेवर टीका करून घरोघरी बायबलवाचनाचे गट सुचवले. तिथून मोराव्हियन बंधू हा भक्तिप्रवण प्रॉटेस्टंट पंथ आणि त्यांच्यामार्फत मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली अशी साखळी लागते. वेस्ली धर्मगुरू होता, मिशनरी म्हणून अमेरिकेत जाऊन हताश होऊन परतला होता. २४ मे १७३८ रोजी लंडनच्या ऑल्डर्सगेट स्ट्रीटवरील एका सभेत लूथरची रोमकरांस पत्रावरील प्रस्तावना वाचली जात असता आपल्या हृदयाला अनोखी ऊब जाणवली, असे त्याने रोजनिशीत नोंदवले.

महाराष्ट्रात हाच प्रश्न पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) आयुष्यात फार स्पष्ट दिसतो. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी मुलगी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पण चर्चने सांगितले म्हणून मान्य करायचे, हे त्यांच्या स्वभावातच नव्हते. ज्यांना त्या आजीबाई म्हणत त्या वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार याच झटापटीचा आहे. भटभिक्षुकांचे जू मोठ्या कष्टाने उतरवले, आता तसलेच दुसरे जू मानेवर घेणार नाही, असे त्यांनी बजावले होते. १८८९ साली मुंबईत शारदा सदन सुरू झाले, पुढच्या वर्षी ते पुण्याला गेले, विधवांसाठीचे काम वाढत राहिले. तरी काहीतरी उणे होते. १८९१ च्या सुमारास विल्यम हॅस्लम या अँग्लिकन धर्मगुरूचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. हा गृहस्थ वर्षानुवर्षे व्यासपीठावरून उपदेश करत होता आणि १८५१ साली स्वतःचेच प्रवचन देताना त्याचे हृदयपरिवर्तन झाले! रमाबाईंना आपली अवस्था त्यात दिसली. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त सापडला नव्हता, असे त्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या साक्षीत सांगितले. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, धर्मशास्त्रावर बिशपांशी वाद घालू शकणाऱ्या विदुषीने हे म्हणावे, याचे वजन वेगळे आहे. १९०५ साली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये जे ‘आध्यात्मिक संजीवन’ झाले, रडत-ओरडत प्रार्थना करणाऱ्या मुलींची जी वर्णने आहेत, त्यांची मुळेही या अनुभवात शोधावी लागतात.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांची (१८६१–१९१९) वाट निराळी होती. आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने दिलेला नवा करार वाचून ते ख्रिस्ताकडे वळले आणि १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण देवाशी लडिवाळपणे, हट्टाने, भांडून बोलण्याची भाषा त्यांना मिशनरींकडून शिकावी लागली नाही. ती वारकरी संतांनी आधीच तयार करून ठेवली होती. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. त्यांचा ख्रिस्त ‘गुरुमाउली’ आहे, आणि मराठी मंडळ्यांत आजही त्यांची पदे व अभंग गायिले जातात. अखेरच्या वर्षांत मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ भरवला. बाप्तिस्मा झालेल्यांना आणि न झालेल्यांनाही त्यात जागा होती. संस्थात्मक चर्चला हे मानवण्यासारखे नव्हते.

टीका इथूनच सुरू होते. ‘माझा आणि माझ्या प्रभूचा प्रश्न’ एवढ्यावर विश्वास आला की मंडळी, प्रभुभोजन (भाकर-द्राक्षारसाचा सामूहिक विधी) आणि शेजारी यांची गरज काय उरते? विसाव्या शतकात, विशेषतः अमेरिकी सुवार्तासभांतून, हे नाते एका छोट्या प्रार्थनेत जोडून मिळणारी वस्तू होऊन बसले, हा आक्षेप रास्त आहे. उलट टोकही धोक्याचे ठरले. देवापुढे पूर्ण निष्क्रिय व्हावे असे शिकवणाऱ्या मिगेल द मोलिनोस या स्पॅनिश धर्मगुरूचा रोमने १६८७ साली निषेध केला. जर्मन धर्मशास्त्रज्ञ दीत्रिख बोनहोफरने १९३९ साली दोन्ही बाजूंना इशारा दिला: ज्याला एकटे राहता येत नाही त्याने समुदायापासून सावध असावे, आणि जो समुदायात नाही त्याने एकटेपणापासून.

त्याहून अवघड प्रश्न भावनेचा. जवळीक जाणवली नाही तर नातेच नाही का? ऑल्डर्सगेटनंतर वर्षही उलटले नव्हते, तोच वेस्लीने रोजनिशीत लिहिले की आपण अजून ख्रिस्ती नाही. तेरेसाचा समकालीन स्पॅनिश संत क्रूसाचा योहान याने या कोरड्या काळाला काळोखी रात्र म्हटले आणि तो देवाने दूर लोटल्याचा नव्हे, खोलवर शुद्ध करण्याचा काळ मानला. कोलकात्याच्या मदर तेरेसांची खासगी पत्रे २००७ साली पुस्तकरूपाने आली, तेव्हा त्यांनी अनेक दशके देवाची जाणीवच नसताना काम केले हे जगाला कळले. काहींना त्यात ढोंग दिसले; साधनेची परंपरा ठाऊक असलेल्यांना नवल वाटले नाही. इग्नेशियसने अशा काळासाठी नियमच घालून दिले आहेत: मन प्रसन्न असताना केलेला निश्चय उदासीत बदलू नये, आणि प्रार्थना नकोशी झाली तर ठरलेल्या तासापेक्षा थोडा अधिकच वेळ बसावे.