पाणकणीस खोल पाण्यात का जातं?

तलावाच्या काठाला, नाल्यात, हायवेच्या बाजूच्या डबक्यात उंच पात्यांमधून तपकिरी कबाब खोचल्यासारखं जे दिसतं ना, ते पाणकणीस. पाणथळ जागी झाडं पट्ट्यापट्ट्यांनी वाढतात, काठाला एक जात, जरा आत दुसरी, आणि आपण धरून चालतो की ज्याला जेवढं पाणी मानवतं तेवढ्यात ते उभं आहे.

अमेरिकेत मिशिगनमध्ये जेम्स ग्रेस आणि रॉबर्ट वेट्झेल यांनी याच्या दोन जातींवर प्रयोग केले, 1981 मध्ये पेपर आला. रुंद पानांची जात उथळ पाण्यात, अरुंद पानांची खोलात, असं तिथे दिसायचं. मग दोघींना वेगवेगळं, कमीजास्त खोलीवर लावलं तर काय, अरुंदवाली एकटी असली की उथळ पाण्यातही मस्त वाढली! म्हणजे खोल पाणी ही तिची आवड नव्हतीच, शेजारणीने तिला तिकडे ढकललं होतं. रुंदवालीची पसरट पानं ऊन अडवतात आणि बाजूची सावलीत पडते. पण खोलात पान पाण्याबाहेर काढायलाच बरीच उंची लागते, तिथे अरुंदवालीची लांबसडक पानं आणि जमिनीखालच्या खोडातला साठा कामी येतो, रुंदवाली मात्र स्पर्धा असो नसो, खोलात टिकत नाही. भांडण एकतर्फी आहे थोडक्यात.

आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते यांचं श्वास घेणं. बुडालेल्या चिखलात ऑक्सिजन जवळपास नसतोच, म्हणून पानांत पोकळ नळ्या असतात, हिरव्या पानांत हवेचा दाब तयार होतो, ती हवा खाली चिखलातल्या खोडापर्यंत जाते आणि जुन्या नाहीतर तुटलेल्या पानांतून बाहेर पडते.

आता तलाव साफ करणाऱ्यांसाठी. याचं बी उघड्या ओल्या चिखलावर नाहीतर अगदी उथळ पाण्यात झकास रुजतं, त्यामुळे पाणी सोडून देऊन तलाव मोकळा ठेवला तर उलट नवीन रोपांची गर्दी होऊ शकते, आणि एकदा जम बसला की पाणी परत चढलं तरी ती खालच्या खोडाने पसरत राहतात. नुसतं वरवर कापलं तर परत फुटतं. कापायचं तर पाण्याच्या पातळीच्या खालून, वाळलेले देठसुद्धा सोडायचे नाहीत कारण हवा त्यांच्यातूनही जाते, आणि नंतर वर पाणी टिकलं पाहिजे, म्हणजे खालचं खोड गुदमरतं.