‘चूक’ वेगळी, ‘चालते ना’ वेगळं

हॉस्पिटलात काही बिघडलं की कागदावर एकच शब्द उतरतो: ‘नजरचुकीने’. सिस्टरकडून एक्स्प्लनेशन मागा, पहिल्या ओळीत तोच. पेपरात छापून येतं ‘मानवी चूक’. नागपुरात एकतीस वर्षं ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात काढली, त्यातली शेवटची काही निर्जंतुकीकरण विभागात. ज्या भानगडी अंगाशी आल्या त्यांच्यात नजरचूक क्वचितच होती. नजरा शाबूत होत्या, सगळ्यांना सगळं दिसत होतं. (‘निष्काळजीपणा’ हा तिसरा शब्द कोर्टाचा, तो वकिलांकडे राहू द्या.)

चूक म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. रात्रीचे तीन, सारख्या दिसणाऱ्या दोन बाटल्या, हात भलतीवर गेला. लक्षात येताच करणाऱ्याच्याच पोटात गोळा येतो. तिचा इलाज बराचसा मांडणीत असतो. तीव्र पोटॅशियम क्लोराइड (तसंच शिरेत गेलं तर हृदय थांबवणारं औषध) वॉर्डाच्या ट्रॉलीवर ठेवूच नये हा दंडक त्यातूनच आला. जे हाताशी नाही ते घाईत उचललं जात नाही. चुकीबद्दल एवढं पुरे.

‘चालते ना’ म्हणजे नियम मोडतोय हे दिसत असूनही रोज मोडणं. त्यात कोणी दचकत नाही. सगळा घोळ इथेच आहे.

माझ्याच ओटीतलं सांगते. कापडात गुंडाळलेले हत्यारांचे पॅक ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे निर्जंतुक करण्याच्या बंद यंत्रात, १२१ अंशांच्या वाफेत शिजतात, पण वाफ बंद झाली म्हणजे काम संपत नाही. पॅक आतच वाळावे लागतात. ओला पॅक बाहेर आला तर तो निर्जंतुक धरायचा नाही, उघडून, नव्या कापडात बांधून पुन्हा लावायचा. कारण साधं आहे. कोरडं कापड बाहेरच्या जंतूंना अडवतं, ओलं कापड त्यांना वातीसारखं आत ओढून घेतं. आत गेलेला जंतू नंतर कापड वाळलं म्हणून बाहेर येत नाही.

एका मे महिन्यात ऑपरेशनची लिस्ट नऊ-नऊ केसेसची लागत होती आणि हत्यारांचे सेट तेवढे नव्हते. वाळण्याची वेळ कापून पॅक बाहेर यायला लागले, हाताला किंचित ओलसर. मावशीने ते खिडकीखालच्या टेबलावर पंख्याच्या वाऱ्यात मांडले. बाहेर पंचेचाळीस अंश. पंधरा मिनिटांत पॅक पापडासारखे कुरकुरीत. “वाळते ना सिस्टर, काहून टेन्शन घेता?” पहिल्या दिवशी मी पॅक परत लावायला लावले. चौथ्या दिवशी सर (आमचे सर्जन) हात धुऊन उभे होते आणि मी दुसरीकडे पाहिलं. महिनाअखेरीस त्या टेबलाला नाव पडलं होतं: वाळवणाचं टेबल. जूनमध्ये नवी मुलगी रुजू झाली, तिला आम्ही ते टेबल कामाची पद्धत म्हणूनच शिकवलं.

जुलैत हवा बदलली. पॅक दुपारपर्यंत टेबलावर पडून राहायचे, तरी दमट. तरी उघडले जायचे. मग एका आठवड्यात तीन पेशंटांच्या टाक्यांतून पाणी यायला लागलं. चौकशीत विचारलं गेलं की अमुक तारखेला अमुक पॅक कोणी उघडला. मेमो नव्या मुलीला. तिने जे शिकवलं तेच केलं होतं. एक्स्प्लनेशनात तिने काय लिहिलं असेल? नजरचुकीने.

लोक नेमके ‘इतके दिवस काही झालं नाही’ इथे अडकतात, आणि शिकलेले लोक जास्त अडकतात. हे वाक्य पुराव्यासारखं वापरलं जातं. पण मे महिन्यातले पॅक चांगले होते म्हणून पेशंट बरे झाले, असं कोण म्हणेल? पेशंटची स्वतःची ताकद, अँटिबायोटिक, सरांचा साफ हात, या सगळ्यांनी आमची ढिलाई सांभाळून घेतली, आणि श्रेय गेलं टेबलाला. शिवाय ढिलाई रोज रोख मोबदला देते, पंधरा मिनिटं वाचतात. नियम पाळला तर काय मिळतं? काही होत नाही. न झालेली गोष्ट कोणाला दिसते?

२८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेचं चॅलेंजर यान सात अंतराळवीरांसह कोसळलं, तेही याच वाटेने. बूस्टरच्या, म्हणजे यानाला वर ढकलणाऱ्या रॉकेटच्या, सांध्यांतली रबरी कडी आधीच्या उड्डाणांत झिजलेली, जळालेली सापडत होती. यान मात्र सुखरूप परतायचं, म्हणून तेवढं जळणं ‘चालणारं’ ठरत गेलं. त्या सकाळी कडाक्याची थंडी होती आणि रबर कडक पडलं. समाजशास्त्रज्ञ डायान वॉन यांनी त्याचा छडा लावून या प्रकाराला नाव दिलं. मराठीत मी त्याला ‘वाकडं सरळ दिसायला लागणं’ म्हणते. त्यांची थंडी म्हणजे आमचा जुलै. सूट घेतली एका हवेत, हिशोब झाला दुसऱ्या हवेत.

जाता जाता, पॅकवरच्या टेपबद्दल. टेपवर काळे पट्टे उमटले की “झाला” म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. टेप एवढंच सांगते की पॅक बाहेरून तापला. आतलं बघायला आत पट्टी लागते, आणि जंतू खरंच मेले का हे स्पोअर टेस्टच (आत चिवट जंतू ठेवून ते मेले का बघायची चाचणी) सांगते. टेबलावर वाळवलेल्या पॅकवरही पट्टे तितकेच काळेभोर होते. लशींच्या फ्रिजचं रजिस्टरही तसंच: दोन ते आठ अंशांत ठेवायचं, आणि महिनाभर एकाच पेनाने, एकाच वळणाने ‘४’, ‘४’, ‘४’. नागपूरच्या मे महिन्यात, लाइट जाऊन-येऊन!

मेमोने चूकही थांबत नाही, पण ‘चालते ना’ तर मेमोने आणखी चांगलं लपतं. तिथे विचारायचं असतं की नियम पाळणं इतकं अवघड कोणी करून ठेवलं. आणि खालच्या माणसाला ‘थांबा’ म्हणता आलं पाहिजे. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये २००१ साली सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी) घालण्याच्या पाच साध्या पायऱ्या डॉक्टर पाळतात का, हे नर्सना महिनाभर टिपायला सांगितलं. एक तृतीयांशाहून जास्त पेशंटांच्या बाबतीत एक तरी पायरी गाळलेली. मग नर्सना डॉक्टरला थांबवायचा अधिकार दिला आणि प्रशासन त्यांच्या पाठीशी उभं राहिलं. लाइनचे इन्फेक्शन जवळजवळ संपले. आमच्याकडे ‘सर, थांबा’ म्हणणाऱ्या सिस्टरची ड्युटी पुढच्या आठवड्यात बदलते.

ते टेबल मी उचलायला लावलं. सेट मागितले, ते ‘पुढच्या बजेटात’ गेले. पुढल्या मे महिन्यात खिडकीखाली एक खुर्ची दिसली, तिच्यावर दोन पॅक. कोणी ठेवले म्हणून मी ओरडले.

“ओरडून काय होते सिस्टर,” मावशी म्हणाली, “लिस्ट नऊचीच हाय ना आजबी.”